रेडिएटर ठणठणतोय म्हणून लगेच बॉयलर बदलू नकोस

बाळा, इथं सोलापुरात पंखा पुरत नाही आणि तू न्यू जर्सीत बॉयलरची वाफ खोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांत सोडून घर तापवतोयस! पण माझी हयात गिरणीच्या बॉयलरवर गेली, म्हणून ऐक. एकाच पाइपाची (वाफ जाते त्यातूनच पाणी परत येतं अशी) जुनी सिस्टिम असेल, तर आधी मेन लाइनच्या टोकाचे एअर व्हेंट, म्हणजे हवा सोडणाऱ्या झडपा, बदल. हवा निघाल्याशिवाय वाफ पुढं सरकतच नाही. रेडिएटर व्हॉल्व्हकडं किंचित कलता हवा, नाहीतर पाणी साचून ठणठण होणारच. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, अर्धवट कधीच नको. बॉयलरचं प्रेशर 2 पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आत ठेव. वाढवलंस तर ऊब नाही, बिल वाढेल. बॉयलर घेशीलच, तर जुन्याच्या पाटीवरची क्षमता बघून नको, घरातले रेडिएटर मोजून त्या मापाचा घे. नव्यातल्या पाण्यावर तरंगणारं तेल काढून घ्यायला मात्र मिस्त्रीला बजाव.