वॉल्श की सिफर्ट?

प्रश्न : सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक बिल वॉल्श मोठे की त्यांच्यानंतरचे जॉर्ज सिफर्ट? जिंकण्याची टक्केवारी तर सिफर्टचीच जास्त!

उत्तर : टक्केवारीवर जाऊ नका हो. 1979 मध्ये वॉल्श आले तेव्हा संघ रसातळाला गेलेला. त्यांच्याही पहिल्या हंगामात 16 पैकी 2च विजय. त्याच वर्षी नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) तिसऱ्या फेरीपर्यंत उरलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा) जो मोंटाना त्यांनी उचलला. पुढे तीन सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकले.

सिफर्टना ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणणाऱ्यांशी मात्र मी भांडेन. वॉल्शच्या काळातली बचावफळी त्यांचे सहायक म्हणून सिफर्टनीच घडवली होती. प्रमुख प्रशिक्षक म्हणून पहिल्याच हंगामात त्यांनी सुपर बोलमध्ये डेन्व्हरला 55-10 धुतलं! तरी माझं मत वॉल्शनाच. सिफर्टचा दुसरा सुपर बोल क्वार्टरबॅक स्टीव्ह यंगच्या सहा टचडाउन पासेसवर (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकींवर) आला, आणि यंगलाही 1987 मध्ये वॉल्शनीच आणलं होतं.