संस्कार, निवड आणि भेदभाव: कॅनडाला निघणाऱ्या नाशिककरास उत्तर

तुम्ही विचारले आहे की, भारतीय माणूस शिक्षणाची ओढ, काटकसर आणि धरून राहणारे कुटुंब यांच्या बळावर परदेशात पुढे जातोच, तर अंबडच्या कारखान्यातील अभियंत्याची नोकरी सोडून टोरांटोला येताना तुम्ही भेदभावाची चिंता करावी का. आणि तिथे जे समाज मागे राहिले, त्यांचे संस्कारच कमी पडले असे समजावे का.

या गुणांचे मोल मी नाकारत नाही. मुलांच्या अभ्यासासाठी आईवडील स्वतःची हौस बाजूला ठेवतात, नवख्या माणसाला ओळखीचे घर काही आठवडे आसरा देते, आणि याचा लाभ प्रत्यक्ष होतो. परंतु इथे दिसणारे भारतीय म्हणजे सगळा भारत नव्हे. कॅनडाने १९६७ मध्ये अर्जदारांना गुणांक देऊन निवडण्याची पद्धत आणली आणि तेव्हापासून शिक्षण, वय, भाषा व कामाचा अनुभव पाहून बरेचसे लोक आत घेतले जातात. सरकारनेच अशी गाळणी लावल्यावर जे उरतात, त्यांच्या यशाचे सारे श्रेय संस्कृतीला देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

१९१४ मध्ये कोमागाटा मारू जहाजातून ३७६ प्रवासी व्हँकुव्हरला पोहोचले, त्यांत बहुसंख्य शीख होते. मेहनतीत ते आजच्या कोणत्याही अभियंत्यापेक्षा कमी नव्हते. तरीही मायदेशातून थेट, अखंड प्रवास करून आलेल्यालाच प्रवेश मिळेल, या नियमाचा आधार घेऊन त्यांतील बहुतेकांना परत पाठवण्यात आले. आणि व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियात आधीच राहणाऱ्या भारतीयांनाही मतदानाचा हक्क १९४७ पर्यंत मिळाला नाही. संस्कार तेव्हाही होते, कायदा मात्र वेगळा होता.

आज कायदा भेदभावाला मनाई करतो, पण भेदभाव संपलेला नाही. अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी टोरांटोतील नोकऱ्यांच्या जाहिरातींना हजारो बनावट अर्ज पाठवून केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी नावाच्या उमेदवारांच्या तुलनेत भारतीय, पाकिस्तानी, चिनी आणि ग्रीक नावांच्या उमेदवारांना, तसेच परदेशातील अनुभव असलेल्यांना, मुलाखतीसाठी कमी बोलावणी आली. अर्जात नामांकित विद्यापीठ किंवा भाषेवरील प्रभुत्व नमूद केल्यानेही हा फरक भरून निघाला नाही. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत उत्तरे आली नाहीत तर स्वतःच्या कर्तृत्वाविषयी शंका घेऊ नका, एवढे मी कळकळीने सांगतो.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत अधिक ठाम आहे. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी १९३० मध्ये सुरू झालेला सत्याग्रह अनेक वर्षे चालला, आणि बाहेर ठेवलेल्या माणसांत शिस्त किंवा चिकाटी कमी होती असे कोणता नाशिककर म्हणेल? कॅनडात तर आदिवासी मुलांना घरातून काढून निवासी शाळांत ठेवले गेले, त्यांना मातृभाषा बोलण्याची मनाई होती, आणि या शाळांपैकी शेवटच्या १९९०च्या दशकात बंद झाल्या. ज्यांच्याकडून आईवडील आणि भाषा हिरावून घेतली, त्यांचे कुटुंबसंस्कार दुबळे आहेत असे म्हणणे म्हणजे जखमेलाच रोगाचे कारण ठरवणे होय. अर्थात सगळा फरक भेदभावानेच होतो असेही नाही. त्वचेच्या एकाच रंगाच्या दोन स्थलांतरित समाजांत, सोबत आणलेले शिक्षण, व्यवसायाचा अनुभव आणि इंग्रजी यांमुळे मोठे अंतर पडते.

तुमच्यासाठी यातून निघणारे काम सरळ आहे. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारियोच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये ‘कॅनेडियन अनुभव’, म्हणजे आधी कॅनडात काम केलेले असण्याची अट, सकृद्दर्शनी भेदभाव असल्याचे जाहीर केले, आणि तेथील अभियंत्यांच्या परवाना संस्थेने २०२३ मध्ये ती आपल्या नियमांतून काढली. त्यामुळे परवान्याचा अर्ज पुढे ढकलू नका. पुणे विद्यापीठाची गुणपत्रके आणि कारखान्याच्या लेटरहेडवरील, कामाचे नेमके स्वरूप लिहिलेली अनुभवपत्रे नाशिक सोडण्याआधीच हाती घ्या.