डॉक्टरांना सगळं माहीत असूनही गरज नसताना अँटिबायोटिक का लिहिली जातात? यावर उपाय काय?

'डॉक्टरांना आणखी प्रशिक्षण द्यायला हवं का?' असंही तुम्ही विचारलंय. द्यावं, पण त्याने फार फरक पडेल असं मला वाटत नाही. मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे आणि रुग्णालयातल्या अँटिबायोटिकच्या वापरावर लक्ष ठेवणं हा माझ्या कामाचा भाग आहे. सर्दी विषाणूंमुळे होते, हे न माहीत असलेला डॉक्टर मला अजून भेटायचाय. कफ हिरवा-पिवळा झाला म्हणजे जिवाणूच आहेत असं नाही, हेही बहुतेकांना ठाऊक असतं.

मग हात प्रिस्क्रिप्शनकडे का जातो? भीतीपोटी. औषध दिलं नाही आणि रुग्ण बिघडला, तर जाब विचारला जातो. उगाच दिलं, तर कोणी काही म्हणत नाही. शिवाय रुग्णाला अँटिबायोटिक हवंच असेल, असं डॉक्टर बरेचदा मनाशीच धरून चालतात. त्याला खरं तर 'हे गंभीर नाही, पण खोकला दोन-तीन आठवडे राहू शकतो. दम लागला तर लगेच या' एवढंच ऐकायचं असतं.

रुग्णालयात मात्र खरा घोळ औषध सुरू करण्यात नसून थांबवण्यात आहे. सेप्टिक शॉकमधल्या (संसर्गामुळे रक्तदाब धोकादायकरीत्या खाली गेलेल्या) रुग्णाला तासाभरात ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे अनेक प्रकारच्या जिवाणूंवर चालणारं औषध द्यायलाच हवं, तिथे काटकसर नको. फक्त त्याआधी रक्त कल्चरला (कोणते जिवाणू आहेत ते वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवावं आणि ४८ ते ७२ तासांनी रिपोर्ट हातात घेऊन पुन्हा विचार करावा: औषध बदलायचं, तोंडावाटे द्यायचं की बंद करायचं? इथेच गाडी अडते. सुरू करणारा रात्रपाळीचा, सकाळी राउंड घेणारा दुसराच. 'आधीच्यांनी काहीतरी पाहून दिलं असेल' म्हणत तो पुढे चालू ठेवतो. म्हणून आमचा आग्रह साधा आहे: कशासाठी दिलं आणि पुन्हा कधी तपासायचं, हे पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहा. नुसत्या एवढ्याने पुढच्या माणसाला औषध थांबवायचं बळ येतं.

कोर्सचंही तसंच. न्यूमोनियाचा रुग्ण सुधारत असेल, तर बहुतेकदा पाच दिवस पुरतात. सात-दहा दिवस ही पुष्कळदा निव्वळ सवय असते. (रुग्णांनी मात्र आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावं.)

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकचे 'ॲक्सेस' (नेहमीच्या संसर्गांत आधी वापरायची), 'वॉच' (प्रतिरोध वाढण्याचा धोका जास्त, म्हणून जपून वापरायची) आणि 'रिझर्व्ह' (शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायची) असे गट केले. एकूण वापरात 'ॲक्सेस' गटाचा वाटा २०३० पर्यंत ७० टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट आहे. अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या, म्हणजे प्रतिरोधक जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, त्यामुळे ही घाई उगाच नाही.

आणि एक, ज्याकडे फारसं कोणी बघत नाही: केसपेपरवरची 'पेनिसिलिन ॲलर्जी'. अशी नोंद असलेल्यांची रीतसर तपासणी केली, तर दहातल्या नऊ जणांना पेनिसिलिन चालतं. पण लहानपणी कधीतरी उठलेल्या पुरळामुळे त्यांना आयुष्यभर 'वॉच' गटातली औषधं दिली जातात. तेव्हा नक्की काय झालं होतं, हे विचारायला दोन मिनिटं लागतात.