गाव सोडून शिकणाऱ्यांनी नाव कुठे नोंदवायचं? लोकसभा ते ग्रामपंचायत, सगळ्या मतदानांचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा: घर सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, शिक्षण पुण्यात, राहणं वसतिगृहात, वय नुकतंच अठरा. लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत प्रत्येक निवडणुकीत मत द्यायचं आहे, तर नोंदणी गावात करायची की पुण्यात? की दोन्हीकडे?

दोन्हीकडे नाही, हे आधी पक्कं करा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1950 च्या कलम 17 आणि 18 नुसार एका माणसाचं नाव देशात एकाच मतदारसंघात आणि तिथेही एकदाच असू शकतं. फॉर्ममध्ये खोटं प्रतिज्ञापन केल्यास कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘लोकसभेला पुण्यात आणि सरपंचाला गावात’ अशी वाटणीही चालत नाही, कारण ग्रामपंचायतीची यादी वेगळी बनतच नाही. ती विधानसभेच्या यादीतूनच फोडून घेतात. म्हणजे तुम्ही जो एक पत्ता द्याल, त्यावर तुमची सगळी मतं ठरतात. म्हणून फॉर्म उघडण्याआधी पत्ता ठरवा.

वसतिगृहाचा पत्ता द्यायची मुभा विद्यार्थ्यांना आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार वसतिगृहात, मेसमध्ये किंवा शिक्षणाच्या गावी इतरत्र राहणारा विद्यार्थी आईवडिलांच्या घरच्या पत्त्यावर किंवा शिकतो तिथल्या पत्त्यावर नाव नोंदवू शकतो. अट इतकीच, की अभ्यासक्रम सरकार, मंडळ किंवा विद्यापीठाची मान्यता असलेला आणि किमान एक वर्षाचा हवा, आणि वसतिगृहाच्या पत्त्यासाठी प्राचार्य, संचालक, कुलसचिव किंवा अधिष्ठात्याचं बोनाफाईड जोडावं लागतं. कॉलेजच्या खिडकीवर ‘शिष्यवृत्तीसाठी’ म्हणून मिळणारं नेहमीचं बोनाफाईड नको. आयोगाने नमुना ठरवून दिला आहे, त्यातच घ्या आणि वसतिगृहाचं नाव व खोली क्रमांक त्यात आला आहे ना ते तिथेच वाचून पाहा.

गाव की शहर, याचा निर्णय घेताना एक गोष्ट सहसा कुणी मोजत नाही. गावात नाव असेल तर तुमच्या वाट्याला पाच संस्था येतात: लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद (गट), पंचायत समिती (गण) आणि ग्रामपंचायत. महानगरपालिकेच्या हद्दीत तीनच: लोकसभा, विधानसभा, महापालिका. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचं मतदान एकाच दिवशी होतं, म्हणजे सगळ्या निवडणुका वेळेवर झाल्या तर पाच वर्षांत गावी साधारण चार फेऱ्या होतात. ग्रामपंचायतीत वॉर्डातून दोन-तीन सदस्य आणि थेट सरपंच निवडतात, आणि तिथले निकाल बोटावर मोजण्याइतक्या मतांनी फिरतात. चार-पाच तासांत घरी पोहोचता येत असेल आणि पुढे गावाशी संबंध ठेवायचा असेल, तर माझं स्पष्ट मत गावाच्या बाजूने आहे. उलट घर दूरच्या जिल्ह्यात असेल, प्रवासाचा एक पूर्ण दिवस जात असेल, तर शिकता तिथे नोंदवा. परीक्षेच्या आदल्या दिवशी मतदान आलं की गावातलं नाव तसंच पडून राहतं.

आता नोंदणी. पहिल्यांदाच नाव घालत असाल तर फॉर्म 6. आयोगाच्या मोबाइल ॲपवर, मतदार पोर्टलवर, किंवा तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत आणि बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) कागदावर. फोटो, वयाचा पुरावा (जन्मदाखला, दहावी-बारावीचं जन्मतारीख असलेलं प्रमाणपत्र, आधार, पॅन, पासपोर्ट यांपैकी एक) आणि पत्त्याचा पुरावा लागतो. घरच्या पत्त्यावर भरत असाल तर आईचा किंवा वडिलांचा मतदार ओळखपत्र क्रमांक रकान्यात जरूर टाका, म्हणजे तुमचं नाव त्यांच्याच मतदान केंद्राच्या यादीत जातं. हा क्रमांक तीन अक्षरं आणि सात अंकांचा असतो.

वयासाठी 2022 च्या ऑगस्टपासून वर्षाला चार तारखा धरतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. 2 जुलैला अठरा पूर्ण झाले तर 1 ऑक्टोबरची अर्हता मिळते, पुढच्या जानेवारीपर्यंत थांबायची गरज नाही. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो.

नाव आधीच गावात असेल आणि आता ते पुण्यात आणायचं असेल, तर फॉर्म 8 भरून ‘निवासस्थान बदल’ हा पर्याय घ्यायचा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मुलं नवा फॉर्म 6 भरतात, त्यात ‘माझं नाव इतर कुठेही नाही’ असं प्रतिज्ञापन असतं ते न वाचता सही करतात, आणि दोन ठिकाणी नाव निघतं किंवा अर्ज फेटाळला जातो. फॉर्म 8 मध्ये जुना ओळखपत्र क्रमांक कायम राहतो आणि जुन्या ठिकाणचं नाव कमी होतं.

अर्ज भरताना नाव इंग्रजीत टाइप केलं की देवनागरी आपोआप उमटतं आणि तिथे ‘शिंदे’चं ‘शिनदे’ होऊ शकतं. सबमिट करण्याआधी मराठी रकाना हाताने दुरुस्त करा. नंतर दुरुस्तीसाठी पुन्हा फॉर्म 8 आलाच.

अर्ज गेल्यावर संदर्भ क्रमांक मिळतो, तो जपा. त्यानंतर हरकतींसाठी सात दिवस जातात आणि बीएलओ पत्त्यावर पडताळणीला येतो. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत अर्ज केला, खोलीला कुलूप होतं, आणि ‘अर्जदार आढळला नाही’ असा शेरा पडला, असं नको असेल तर वसतिगृहाच्या रेक्टरना आणि गेटवरच्या रखवालदाराला आधी सांगून ठेवा. अर्ज नाकारला तर नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की यादीत बदल होत नाही. सात दिवसांची हरकतीची मुदत धरता, तुमचा अर्ज त्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी पोहोचलेला हवा. निवडणूक जाहीर झाल्यावर जागे झालात तर हातात फार थोडे दिवस उरतात.

स्थानिक निवडणुकांचं गणित मात्र निराळं, आणि विद्यार्थी फसतात ते इथेच. त्या राज्य निवडणूक आयोग घेतो. तो नवीन नावं घालत नाही आणि वगळतही नाही. एक तारीख ठरवतो, त्या दिवशीची विधानसभेची यादी जशीच्या तशी घेतो आणि प्रभागांत वाटतो. 2025 मध्ये जाहीर झालेल्या स्थानिक निवडणुकांसाठी ती तारीख 1 जुलै 2025 होती. ऑगस्टमध्ये नोंदणी केलेल्याच्या हातात नवं कोरं ओळखपत्र होतं, पण प्रभागाच्या यादीत नाव नव्हतं. प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की हरकतीचे मोजके दिवस मिळतात. त्यात नाव चुकीच्या प्रभागात गेलं असेल, किंवा विधानसभेच्या यादीत असूनही इथे गळलं असेल, तर ते दुरुस्त होतं. विधानसभेच्या यादीतच नसलेलं नाव तिथे घालून मिळत नाही. शिवाय स्थानिक निवडणुकीचं मतदान केंद्र आणि अनुक्रमांक विधानसभेपेक्षा वेगळा असू शकतो, तेव्हा मागच्या वेळच्या शाळेत जाऊन उभं राहू नका.

मतदान यंत्राचीही सवय वेगळी लागते. मुंबई सोडून इतर महापालिकांत प्रभाग बहुसदस्यीय असतात, बहुतेक ठिकाणी चार जागांचे: अ, ब, क, ड. प्रत्येक जागेसाठी एकेक बटण दाबायचं असतं, नको असेल तिथे ‘नोटा’. एकच बटण दाबून वळलात तर मतदान पूर्ण होत नाही. सगळ्या जागांची मतं झाल्यावरच लांब बीप वाजतो. तो ऐकूनच बाहेर पडा. नगरपरिषदेत बहुतेक ठिकाणी प्रभागाची दोन मतं आणि थेट नगराध्यक्षाचं एक.

पदवीनंतरही शिकणाऱ्यांसाठी आणखी एक यादी आहे. विधान परिषदेचे महाराष्ट्रात सात पदवीधर मतदारसंघ आहेत. पदवी मिळून 1 नोव्हेंबरला तीन वर्षं झालेली असतील आणि तुम्ही त्या मतदारसंघात राहत असाल तर फॉर्म 18 भरा. पदवी भारतातल्या कोणत्याही विद्यापीठाची चालते. ही यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते, मागच्या वेळचं नाव आपोआप येत नाही. तिथे यंत्र नसतं, मतपत्रिका असते: केंद्रावर दिलेल्याच जांभळ्या पेनाने 1, 2, 3 असा पसंतीक्रम अंकांत लिहायचा. 1 लिहिला नाही किंवा बरोबरची खूण केली की मत बाद. विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य जातात, त्यासाठी नोंदणी विद्यापीठाकडे स्वतंत्रपणे करावी लागते.

मतदानाच्या दिवशी कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक पासबुक यांपैकी एक मूळ प्रत न्या. मतदार माहिती चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही. केंद्रात मोबाइल नेता येत नाही, तेव्हा फोनमधल्या कागदावर विसंबू नका. विद्यार्थ्यांना टपाली मतदान नाही, ऑनलाइनही नाही. परदेशी शिकणाऱ्यांनी फॉर्म 6अ भरला तरी मत द्यायला स्वतः पासपोर्ट घेऊन यावं लागतं. गावची गाडी उशिरा पोहोचणार असेल तर इतकं लक्षात ठेवा: वेळ संपताना जे रांगेत आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर भांडून परत फिरू नका. केंद्राध्यक्षाकडे ‘प्रदत्त मत’ मागा. ओळख पटली की कागदी मतपत्रिका देतात, ती वेगळ्या पाकिटात ठेवली जाते आणि निकाल कोर्टात गेला तर कामी येऊ शकते.

आणि वसतिगृह सोडाल त्याच महिन्यात फॉर्म 8 भरा. पुढच्या पडताळणीत त्या खोलीत दुसरंच कुणी राहत असतं, तुमच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ लागतं आणि ते वगळण्याची प्रक्रिया सुरू होते. त्याची नोटीसही त्या जुन्याच पत्त्यावर जाते.