सांगलीत घरात पुराचं पाणी शिरलं होतं, आता ओसरतंय. सफाई कुठून सुरू करू? दिवाळीपर्यंत रंग होईल का?

रंगाचं आधी सांगतो, कारण तुम्हाला काळजी त्याचीच जास्त दिसतेय. या दिवाळीला ऑइल पेंट, प्लॅस्टिक पेंट, पुट्टी यातलं काहीही करू नका. चुना द्या. गाळ मात्र आजच काढा. पूर ओसरल्यावर बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं: गाळाला उशीर आणि भिंतींची घाई.

तुम्ही लिहिलंय की कर्नाळ रोडला पक्क्या विटांचं घर आहे, कमरेएवढं पाणी होतं आणि आता घोट्यापर्यंत उतरलंय. म्हणजे वेळ अजून हातात आहे. आमचं घर गावभागात. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही पूर या घरानं पाहिलेत. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं, आणि तिथली धोका पातळी आहे ४५ फूट. आमच्याकडची जुनी माणसं पाणी पूर्ण जायची वाट बघत नाहीत, उतरत्या पाण्याबरोबरच घर धुतात.

गमबूट आणि रबरी हातमोजे घाला. मेन स्विच बंद असल्याची खात्री करा. तो पाण्यात असेल तर हात न लावता महावितरणच्या माणसाकडून बाहेरून पुरवठा तोडून घ्या. भिंतीवरची पाण्याची रेघ, फ्रिज, कपाटं, सगळ्याचे फोटो काढून ठेवा. पंचनाम्याला आणि विमा असेल तर सर्वेअरला तेच दाखवावे लागतात. मग पाणी उतरेल तसं त्याच पाण्यानं भिंत खराट्यानं घासत खाली या. फरशीवरचा गाळ पाण्यात ढवळायचा आणि फळीनं दाराबाहेर लोटायचा. कृष्णेचा हा गाळ ओला असताना लोण्यासारखा सरकतो. एक ऊन बसलं की तडकतो, फरशीच्या सांध्यांत धरून बसतो आणि खरवडावा लागतो. तेव्हा नळाला पाणी नसतं आणि टँकरपुढे सगळी गल्ली उभी असते. कपाटामागे, मोरीच्या जाळीत, जिन्याखाली हात घालण्याआधी काठी फिरवा, साप असतात.

गाळ गेल्यावर स्वच्छ पाण्यानं धुवा आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं पुसून घ्या. ब्लीचिंगबरोबर ॲसिड किंवा फरशीचं दुसरं कुठलं लिक्विड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. पायाला जखम असेल आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना 'पुराच्या पाण्यात होतो' हे आवर्जून सांगा, लेप्टोची (पुराच्या दूषित पाण्यातून होणारा ताप) शक्यता त्यांना लगेच तपासता येते.

आता भिंती. वीट पाणी पिते, आणि ते पाणी रेघेच्या वर फूटभर तरी चढलेलं असतं. वरून हात लावला तर आठवड्याभरात कोरडी वाटेल, पण आतलं पाणी जायला महिने लागतात. ऑइल पेंट असेल तर रेघेच्या वर दोन फुटांपर्यंत खरवडून काढा, नाहीतर पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. गिलाव्यावर बोटानं टकटक करा. जिथे बद्द आवाज येतो तिथे तो सुटलाय, तेवढा पाडा आणि भिंत उघडीच ठेवा. दारं-खिडक्या सताड उघड्या, पंखे चालू (वायरिंग तपासल्यावरच). थोड्या दिवसांनी पांढरी पूड फुटेल, तो लोणा. ओल्या फडक्यानं पुसलात तर क्षार परत आत जातो, म्हणून कोरड्या ब्रशनं झाडून बाहेर टाका. पुन्हा येईल, पुन्हा झाडा.

भिंत वाळली का हे बघायला दीडेक फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं लावा. दोन दिवसांनी आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल आहे. ऑक्टोबरच्या उन्हानं बरंच काम होतं, पण खरा रंग पुढच्या उन्हाळ्यातच द्या. चुन्यातून ओल बाहेर पडते, म्हणून दिवाळीला घर उजळ दिसायला तो पुरतो. रंगारी 'डॅम्पप्रूफ मारतो, काही होत नाही' म्हणेल. ओल्या भिंतीवर ते मारलं की ओल आत कोंडते आणि वर्षभरात पापुद्रे निघतात.

वायरमन परवानाधारकच बोलवा. त्याला सगळे बोर्ड उघडायला लावा, पाइपांत गाळ आणि पाणी अडून राहतं. मेगर (वायरच्या आवरणातून वीज गळते का हे मोजायचं यंत्र) लावून तपासल्याशिवाय एमसीबी, म्हणजे बोर्डातला मुख्य खटका, वर करू नका. फ्रिज, मोटर, इन्व्हर्टर, दारातली गाडी, काहीही 'चालतंय का बघू' म्हणून सुरू करू नका.

प्लायवूडची कपाटं फुगली असतील तर सोडून द्या. सागवानी वस्तू सावलीत वाळवा, उन्हात वाकतात. कापसाच्या गाद्या आणि भिजलेलं धान्य फेकावंच लागतं, जीव तुटतो, तरी ठेवू नका. कागद एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओळखीच्या कोणाकडे फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवड झाली की थोडे थोडे काढून सावलीत वाळवा. सातबारा, खरेदीखताची नक्कल पुन्हा मिळते. घरातले जुने फोटो मिळत नाहीत, म्हणून आधी ते सांभाळा.

शेजारचं मातीच्या भिंतींचं घर तुम्ही लिहिलंय, त्यांना आजच जाऊन सांगा: आत झोपू नका. अशी घरं पुरात उभी राहतात आणि पाणी गेल्यावर बसतात, कारण भिजून जड झालेल्या भिंतीला बाहेरच्या पाण्याचा आधार उरत नाही. टेकू लावून, जाणकार गवंड्याला दाखवूनच आत जायचं.

तुमच्या आई मिरजेला बहिणीकडे आहेत, तर जमिनीतली टाकी उपसून धुऊन होईपर्यंत आणि वीज नीट सुरू होईपर्यंत त्यांना तिथेच राहू द्या. तोवर तुम्हीही उकळलेलंच पाणी प्या. कुठे अडलं तर भिंतीचा फोटो टाकून विचारा, मी रात्री बघतो.