ओव्हर दिल्याशिवाय जाऊ नकोस

प्रिय,

परवा लेबर रूमच्या बाजूच्या खोलीत पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपणाच्या प्रगतीचा तक्ता, भरता भरता तू एकदम म्हणालीस, "मॅम, तो आता विचारतच नाही, किती वाजता येशील म्हणून." आणि पुन्हा मान खाली घालून रेघ ओढायला लागलीस. तेव्हा सात नंबरच्या बाईच्या कळा वाढल्या होत्या, म्हणून मी काही बोलले नाही. घरी आल्यावर मात्र झोप लागेना.

पीजीची, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची, सीट सोडायचं म्हणालीस, ते मी ऐकलंच नाही असं धर. पण "पीजी होईपर्यंत त्याने समजून घ्यायला हवं" हेही परत म्हणू नकोस. पीजीची तीन वर्षं, मग बाँडचं, सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष, मग फेलोशिप, नाहीतर स्वतःचं हॉस्पिटल आणि त्याचं कर्ज. आपल्या कामात 'होईपर्यंत' कधी संपत नाही. तेवढ्यावर कुणाला ताटकळत ठेवू नये.

मला तुला एकच सांगायचंय. घरी ओव्हर दे.

ड्युटी संपवून निघताना तू ओव्हर देतेस, म्हणजे काय करतेस? छत्तीस तास डोळ्याला डोळा लागलेला नसला तरी पुढच्या रेसिडेंटला एकेका बाईजवळ नेतेस. ही प्रायमी, पहिलटकरीण, पिशवीचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलंय, पाणी गेलंय, दोन तासांनी बघ. हिचं हिमोग्लोबिन सहा, रक्त सांगून ठेवलंय, बाटली अजून आणायचीय. हिचं बीपी चढतंय, डोकं दुखतंय म्हणाली तर थेट मॅमना फोन कर. काय झालंय, काय व्हायचंय, काय बिघडू शकतं, सगळं सांगतेस. ओव्हर न देता निघून गेलेल्या रेसिडेंटला आपण माफ करत नाही. आणि घरच्या माणसाला रोज काय सांगतो? "बघते." "निघतेच आहे." "ठेवते, नंतर बोलू."

मी हेच केलं. १९९२ साली हाउसमन, म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टर, म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी ५ जूनला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने पत्र काढलं होतं, की निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी सहसा दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ४८ तासांच्या वर जाऊ नये. ते पत्र मी पाहिलं कितीतरी वर्षांनी, एका संपाच्या वेळी मार्डच्या, निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, मुलांच्या हातात. आमचे ४८ तास सोमवारी सुरू होऊन बुधवारी संपायचे. त्याबद्दल माझा राग अजून गेलेला नाही. २०२३ च्या पीजी नियमांत तुमच्यासाठीही 'वाजवी तास' एवढंच लिहिलंय, आकडा नाही. त्यासाठी भांडा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण तासांचं भांडण जिंकेपर्यंत घर थांबत नाही.

माझा नवरा पाटबंधारे खात्यात होता, कालव्यांच्या कामावर. भला माणूस. सुरुवातीला तोही विचारायचा, किती वाजता येशील. मी म्हणायची, अर्ध्या तासात. ते मला खरंच वाटायचं, आणि यायची रात्री अकराला. मग त्याने विचारणं सोडलं, आणि मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. वाटलं, आता याला समजलं. म्हणून तुझं परवाचं वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

सहा वर्षांनी आम्ही परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला. पहिल्या अर्जानंतर कायदा सहा महिने थांबायला लावतो, माणसांनी पुन्हा विचार करावा म्हणून. त्या सहा महिन्यांत एका संध्याकाळी तो हॉस्पिटलमध्ये आला. स्कूटर कॅज्युअल्टीसमोरच्या कडुनिंबाखाली लावली आणि आत निरोप पाठवला, दहा मिनिटं बोलायचंय.

माझ्यासमोर एक्लॅम्पसियाची, गरोदरपणात बीपी वाढून झटके आलेली, बाई होती. एकोणीस वर्षांची, तालुक्याहून जीपमध्ये घालून आणलेली, वाटेत दोनदा झटके आलेले. झटके थांबवायला मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं होतं. पुढचा डोस देण्याआधी दर वेळी गुडघ्यावर हातोडी मारून बघायची, श्वास मोजायचा, लघवीची पिशवी बघायची. मग सिझेरियन. तिच्याजवळून हलायचा प्रश्नच नव्हता, आणि आजही नसता. ती वाचली, मुलगा वाचला. कुणी कितीही म्हटलं तरी त्या रात्रीच्या त्या निर्णयाबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. माझ्या आईने पुढे कितीतरी वेळा ऐकवलं, नवरा बाहेर उभा आणि तू आत. हो, मी आत होते. तिथे दुसरं कोण होतं?

पण आयाबाई दारात उभी होती. तिला एक वाक्य सांगायला काय लागलं असतं? "साहेबांना सांगा, पेशंट सिरियस आहे, तीन तास लागतील, उद्या सकाळी नऊला मीच घरी येते." पाच सेकंद. तेवढ्याच वेळात मी तिला कॅथेटर आणायला दोनदा पाठवलं.

साडेनऊला बाहेर आले तेव्हा झाडाखाली कुणी नव्हतं. वॉचमन म्हणाला, साहेब साडेपाचपासून होते, तीनदा विचारून गेले.

तो काय बोलणार होता ते मी नंतर विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. त्या बाईजवळ थांबले याचं मला दुःख नाही. ओव्हर दिली नाही याचं आहे.

तेव्हा रागाने सांगते, प्रेमाने सांगते, ड्युटी लिस्ट लागली की पहिला फोटो त्याला गेला पाहिजे. आपल्या युनिटचा इमर्जन्सी डे त्याला तुझ्याइतका पाठ पाहिजे. 'बघते' म्हणू नकोस, तास सांग. तास माहीत नसेल तर "आज रात्री नाही" एवढं स्वच्छ सांग. नाही म्हटलेलं माणूस पचवतो, वाट बघायला लावलेली नाही पचवत. दिवस वाईट गेला असेल, मूल हातातून गेलं असेल, तर तेही सांग. "तुला नाही कळणार" म्हणून गप्प बसायची सवय आपण हॉस्टेलवर लावून घेतो. मी ती ताकद समजायची. पोरी, त्याला मेडिकलमधलं कळायची गरज नाही. पण तुझी गाडी कुठल्या वळणावर आहे एवढं तरी त्याला कळू दे.

आणि हो, तो सगळं सोडून बसलेला नाही, तुझ्याच तोंडून कळलं. पुण्याहून बसने शनिवारी येतोय ना?

मंगळवारी थीसिसच्या दुरुस्त्यांसाठी मीच तुला रात्री साडेनऊपर्यंत बसवून घेतलं. तुझा फोन टेबलावर उलटा ठेवलेला होता आणि दोनदा थरथरला, मी पाहिलं होतं. तेव्हाच उठ म्हणायला हवं होतं.

शनिवारी दुपारी दोनला तुझ्या सगळ्या पेशंटची ओव्हर मी घेईन, मी स्वतः. कागदावर लिहून आण, बेड नंबरवार. सिझेरियनच्या बाईचे टाके राहिले असतील तर तेही लिही. रविवारी संध्याकाळपर्यंत वॉर्डात दिसू नकोस. कुणी विचारलं तर माझं नाव सांग.

पण त्याला आज रात्रीच कळव. बस किती वाजता पोचते ते विचार, आणि स्टँडवर तू असशील की नसशील ते आत्ताच सांग.

तुझी,
मॅम