तिकिटावर पाच तास, विमानात साडेनऊ

तुमचा प्रश्न: आई-बाबा पहिल्यांदाच ताईकडे लंडनला चाललेत, १२ जुलैला रात्री २ ला मुंबईहून विमान, सकाळी ७ ला लंडन. म्हणजे पाचच तास का? अंतर किती, आणि साताऱ्यातून निघायचं कधी?

मी साताऱ्यातून मुंबई एअरपोर्टची भाडी मारतो. स्वतः विमानात अजून पाय ठेवला नाही, पण लोकांची तिकिटं वाचून वाचून पाठ झालीत.

पाच तास नाहीत. सुटायची वेळ मुंबईची छापतात, पोचायची लंडनची. जुलैत लंडनचं घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असतं (थंडीत साडेपाच). तिथे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा. झाले साडेनऊ तास. बाबांना शुगरची गोळी असेल तर विमानात कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारा, आणि त्यांचं मनगटी घड्याळ उतरेपर्यंत बदलू नका.

अंतर सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. ताशी ८५०-९०० च्या वेगाने आठ-साडेआठ तासांत व्हायला हवं, पण सरळ जाता येतंच असं नाही. युक्रेनवरचं आकाश २०२२ मध्ये बंद झालं, पाकिस्ताननेही एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना वाट बंद केली. मग वळसा. शिवाय वर वारं पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतं, ते जाताना तोंडावर येतं. येताना तेच पाठीशी, म्हणून परतीला वेळ कमी लागतो. कधी कधी तर विमान वेळेआधी उतरतं आणि आम्ही अजून वाशीच्या पुलावर!

आता मुख्य गोष्ट. १२ तारखेचे रात्रीचे २ म्हणजे ११ तारखेची रात्र. कोरेगावकडच्या एका पार्टीने मला १२ च्या संध्याकाळी फोन केला, "आज रात्री दोनचं विमान आहे, किती वाजता येताय?" मी तिकिटाचा फोटो मागवला. विमान त्याच पहाटे गेलेलं. मी तरी घरी गेलो, तर काका पायरीवर बसलेले, शेजारी दोरी बांधलेल्या बॅगा, वर कंदी पेढ्यांचा बॉक्स. कुणीच बोलेना. चहा मात्र मला दिला.

तेव्हा ११ तारखेला दुपारी तीनला वाढे फाटा सोडा. एअरपोर्ट अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. खंबाटकीच्या बोगद्यात अडकत नाही सहसा, पण नवले पुलाला आणि पावसात खंडाळ्याच्या घाटात काही सांगता येत नाही. सहा-सात तास धरा, तीन तास आधी आत जायला हवं. लवकर पोचलात तर बाहेर डबा खा, दशम्या चालतात. पाण्याची बाटली तेवढी आत तपासणीआधी रिकामी करा.